पाटी बदलली, भिंतींचं काय?

ऑक्टोबर २०२५ मध्ये आमच्या रेल्वे स्टेशनचं नाव बदललं. शहराचं नाव २०२३ मध्येच बदललं होतं, स्टेशन तेवढं मागे राहिलं होतं. 'औरंगाबाद' गेलं, 'छत्रपती संभाजीनगर' आलं. तिकिटावर वर्षानुवर्षं छापून येणारी एडब्ल्यूबी ही तीन अक्षरं गेली आणि सीपीएसएन ही चार आली. ज्यांना आनंद व्हायचा होता त्यांना झाला, ज्यांना वाईट वाटायचं होतं त्यांना वाटलं. माझ्या फोनवर दोन्हीकडचे संदेश सारख्याच वेगाने येत होते. नावाबद्दल माझं जे म्हणणं आहे ते मी पूर्वीच मांडलं आहे, आज ते पुन्हा उगाळत नाही.

आज सांगायचंय ते त्या आठवड्यातल्या एका वाक्याबद्दल. नामांतराच्या बातम्यांत ते पुन्हा पुन्हा छापून येत होतं: हे स्टेशन १९०० साली सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या काळात सुरू झालं. वाक्य चुकीचं आहे. १९०० साली हैदराबादच्या गादीवर सहावे निजाम मीर महबूब अली खान होते. ते १८६९ पासून १९११ पर्यंत गादीवर होते. उस्मान अली खान १९०० साली चौदा वर्षांचे होते. चौदा वर्षांच्या पोराने स्टेशन उघडलं, हे कुणालाच खटकलं नाही. बातमीदारांचं एकवेळ सोडा, आमच्या मोहल्ल्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'आपल्या इतिहासाची निशाणी पुसली' म्हणून जो संदेश फिरत होता, त्यातही हीच चूक होती. ज्यांना निजाम नकोसा आहे त्यांनाही निजाम माहीत नाही, आणि ज्यांना तो आपला वाटतो त्यांनाही नाही. सातवा प्रसिद्ध, श्रीमंत, नाण्यांवरचा; म्हणून जे काही जुनं दिसेल ते त्याच्या खात्यावर टाकायचं.

या चुकीमुळे मी उठलो, एवढं खरं. नावाची पाटी दोन दिवसांत बदलता येते. पाटीमागची भिंत कुणी, कधी, कशासाठी बांधली हे जर आपल्याला ठाऊक नसेल, तर ती भिंत उद्या गेली तरी कळणार नाही. गेल्या हिवाळ्यापासून मी सुट्टीच्या दिवशी एक वही, एक मोजपट्टी आणि पाण्याची बाटली घेऊन पॅसेंजरने निघतो. मनमाड ते परभणी या लाइनवर जुनी स्टेशनं कुठे उरलीत, कुठे अर्धी उरलीत, कुठे नुसता चौथरा राहिलाय, ते पाहतो. मी इतिहासकार नाही, इंजिनियरही नाही. माझे दादा या लाइनवर सांधेवाले होते, एवढीच माझी पात्रता. घरात त्यांच्या कोटाचं एक पितळी बटण अजून आहे. अम्मीने ते शिलाई मशीनच्या ड्रॉवरमध्ये ठेवलंय, बाकीच्या बटणांबरोबर. त्यावर इंग्रजीत एनएसआर अशी अक्षरं आहेत. निजाम्स स्टेट रेल्वे.

ज्यांना ही लाइन फक्त देवगिरी एक्सप्रेसच्या खिडकीतून माहीत आहे त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. निजामाची स्वतःची पहिली रेल्वे १८७४ साली आली, वाडी ते सिकंदराबाद. ती रुंद मार्गाची होती. आमच्या बाजूला तेव्हा काहीच नव्हतं. वेरूळची लेणी पाहायला येणारे गोरे साहेब जीआयपी रेल्वेच्या नांदगाव स्टेशनवर उतरत आणि तिथून टांग्याने घाट उतरून येत. मराठवाड्यात रूळ आले ते १८९९ ते १९०१ या काळात, टप्प्याटप्प्याने. मनमाडपासून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड, निजामाबाद करत सिकंदराबादपर्यंत, सहाशे किलोमीटरहून थोडी जास्त लांबीची ही लाइन. तिचं नाव हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे. रुंदी एक मीटर. मनमाडला जीआयपीचा रुंद मार्ग होता, त्यामुळे प्रत्येक पोतं, प्रत्येक कापसाची गाठ तिथे एका डब्यातून काढून दुसऱ्या डब्यात चढवावी लागे. मनमाडच्या कित्येक हमाल कुटुंबांच्या चुली या दोन रुळांमधल्या फरकावर पेटल्या.

आणि ती वर्षं कसली होती? भीषण दुष्काळाची. १८९७ चा दुष्काळ सरतो न सरतो तोच १८९९-१९०० चा आला. औरंगाबाद जिल्ह्याची लोकसंख्या १८९१ च्या शिरगणतीत सव्वाआठ लाखांवर होती. १९०१ मध्ये ती लाखभराने कमी भरली. वाढायची सोडून घटली. रूळ पडत होते ते या दहा वर्षांच्या शेवटी. त्या काळात अशा कामांवर पोटासाठी राबणाऱ्यांची कमी नव्हती. दगड फोडणारे वडार, चुना मळणारे मजूर, विटा वाहणाऱ्या बाया. त्यांची नावं कुठल्या संगमरवरावर नाहीत. 'निजामाने बांधलं' असं आपण सहज बोलून जातो. निजामाने एकही दगड उचलला नाही.

पैसाही त्याने खिशातून दिला असं समजायचं कारण नाही. १८८३ साली निजामाच्या रेल्वेसाठी लंडनमध्ये कंपनी उभी राहिली. तिच्या भांडवलावर वर्षाला पाच टक्के व्याज मिळेल, तेही वीस वर्षं, अशी हमी हैदराबाद सरकारने दिली. रेल्वेला तोटा झाला तर भरपाई सरकारी खजिन्यातून, म्हणजे शेतसाऱ्यातून. हा सौदा रयतेच्या गळ्याला फास आहे, असं म्हणणारे लोक त्याच वेळी हैदराबादेत निघाले. त्यात मुल्ला अब्दुल कय्यूम होते आणि अघोरनाथ चट्टोपाध्याय होते, सरोजिनी नायडूंचे वडील. चांदा रेल्वे प्रकरण या नावाने ते आंदोलन ओळखलं जातं. अघोरनाथांना त्यापायी हैदराबाद सोडून जावं लागलं. एक मौलवी आणि एक बंगाली शास्त्रज्ञ एकत्र येऊन सरकारला हिशोब विचारतात, तोही रेल्वेचा, हे आमच्या शाळेच्या पुस्तकात असतं तर बरं झालं असतं.

मला हे सगळं सांगावंसं वाटतं कारण या इमारतींविषयी बोलायला गेलं की पहिला प्रश्न येतो, 'गुलामीच्या खुणा कशाला जपायच्या?' प्रश्न विचारणाऱ्याला मी वाईट मानत नाही. निजामी राजवटीचा, रझाकारांचा जाच ज्यांच्या घरांनी सोसला त्यांच्या मनात एनएसआर ही अक्षरं माझ्या मनासारखी उमटणार नाहीत. आमच्या घरातही सप्टेंबर १९४८ बद्दल फारसं बोललं जात नाही. पोलीस ॲक्शननंतर काही नातेवाईक याच गाडीने हैदराबादकडे गेले, काही परतले, काही नाहीत. दादी तेवढंच सांगायची आणि पानदान उघडायची. दोन घरांच्या आठवणी दोन तऱ्हेच्या आहेत, हे मला मान्य आहे. पण स्टेशन रयतेच्या साऱ्यातून उभं राहिलं, रयतेच्या हातांनी उभं राहिलं, मग ते रयतेचं. १९३० साली कंपनीकडून ही रेल्वे निजाम सरकारने घेतली, १९५१ मध्ये ती मध्य रेल्वेत गेली, १९६६ मध्ये दक्षिण-मध्य रेल्वेत. मालक चार झाले. गाडीची वाट पाहणारा माणूस तोच राहिला.

आता शोधाकडे वळतो. जुनं स्टेशन ओळखायचं कसं, हे मला आधी कळत नव्हतं. प्रत्येक काळ्या दगडाची भिंत मला निजामकालीन वाटायची. मराठवाड्यात काळा दगड पायाखाली आहे; परवाचा संडासही काळ्या दगडाचा असू शकतो. एका निवृत्त रेल्वे मिस्त्रींनी मला काही खुणा शिकवल्या. सगळ्यात उपयोगी खूण फलाटाची उंची. मीटरगेजचा फलाट बुटका होता. १९९० च्या दशकात रुंदीकरण झालं, गाड्या उंच आल्या, फलाट वर उचलले गेले. इमारत मात्र होती तिथेच राहिली. म्हणून फलाटावरून जुन्या खोलीत जायला जर पायरी उतरावी लागत असेल, पावसाळ्यात पाणी आत शिरू नये म्हणून उंबऱ्याशी सिमेंटचा बांध घातलेला असेल, तर थांबावं आणि नीट पाहावं. दुसरी खूण रुळाची. निकामी झालेला रूळ रेल्वेने कधीच फेकला नाही. कुंपणाचा खांब, छपराचा खांब, बाकाचा पाय, नळाचा आधार, सगळीकडे रूळच. रुळाच्या बाजूवर तो ओतणाऱ्या कारखान्याचं नाव आणि साल उठावाने असतं. रंगाचे थर चढून चढून ते बुजतं, पण बोटांना लागतं. एका स्टेशनमागे, मुतारीच्या आडोशाला उभ्या केलेल्या खांबावर माझ्या बोटांना १, ८, ९ असे आकडे लागले. शेवटचा आकडा गंजाने खाल्लेला. मी त्या खांबाला हात लावून किती वेळ उभा होतो कोण जाणे. मागे रांग लागली होती.

तिसरी खूण पाण्याची. वाफेच्या इंजिनाला ठरावीक अंतरावर पाणी लागायचं. म्हणून विहीर, टाकी आणि पाणी भरायची वाकडी सोंड. सोंड भंगारात गेली, टाकी गंजून पडली, विहिरी मात्र काही ठिकाणी आहेत. एवढी रेखीव बांधलेली विहीर सरकारी कामात पुन्हा पाहायला मिळेल असं वाटत नाही. आता तिच्यात प्लास्टिक आणि निर्माल्य आहे. चौथी खूण मालधक्का. कापसाच्या गाठी इथून जायच्या. औरंगाबादेत कापड गिरणी १८८९ मध्येच आली होती, रेल्वे यायच्या आधी. पण सरकी काढायचे कारखाने भराभर उघडले ते रूळ आल्यावर. ज्या स्टेशनला लांबलचक मालधक्का आहे, तिथे आजूबाजूला एखाद्या जिनिंगची पडकी भिंत सापडतेच.

लासूर घ्या. मूळ गाव लासूर, आणि त्याच्याजवळ स्टेशन झालं म्हणून 'लासूर स्टेशन'. आता बाजारपेठ, अडत, कांदा, सगळं स्टेशनाकडे. गावाच्या नावातच स्टेशन शिरलं. मानवत रोड तसंच. रोटेगाव हे खरं तर वैजापूरचं स्टेशन. वैजापूरच्या माणसाला विचारा, तो रोटेगावला 'आपलं ठेसन' म्हणेल. दौलताबादला एके काळी वेरूळ, खुलदाबादला जाणारे उतरायचे: लेणी पाहणारे, उरुसाला निघालेले, किल्ला चढणारे. आज तिथे एक्सप्रेस गाड्यांतून जाणाऱ्यांना स्टेशन आलं-गेलं तेही कळत नाही. सगळे मोटारीने घाट चढतात आणि रस्त्यावरच्या कोंडीत अडकतात. या एका गोष्टीवर स्वतंत्र लिहायला हवं.

करमाडच्या बाजूला गेलो तेव्हा वहीत काही लिहिलं नाही. ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. लॉकडाऊनमध्ये जालन्याहून चालत निघाले होते, मध्य प्रदेशातल्या आपल्या घराकडे. रुळांवर पडलेल्या भाकऱ्यांचा फोटो सगळ्यांनी पाहिलाय. या लाइनचा इतिहास लिहायचा तर दुष्काळातल्या मजुरांपासून त्या भाकऱ्यांपर्यंत लिहावा लागेल. इमारती राहिल्या तर निदान तो सांगायला जागा राहते.

शोधात अडचणी येतात. सगळ्यात मोठी अडचण मी स्वतः, असं एका स्टेशनवर लक्षात आलं. नाव सांगत नाही. मी भिंतीला मोजपट्टी लावून उभा होतो, दाढी आहे, खांद्याला पिशवी आहे. गणवेशातला एक माणूस आला. 'काय मोजताय?' मी सांगितलं. 'कशासाठी?' तेही सांगितलं. 'नाव?' नाव सांगितल्यावर त्याचा आवाज बदलला, आणि पिशवी उघडायला लावली गेली. पिशवीत वही, बाटली, अम्मीने दिलेला डबा. त्याला वहीतल्या आकड्यांचा संशय आला: दाराची रुंदी, खिडकीची उंची, कमानीचा घेर. परवानगीचा कागद माझ्याकडे नव्हता, ही माझी चूक. रेल्वेच्या हद्दीत विचारूनच मोजमाप करावं. पण कागद असता तर आवाज बदलला नसता का, हे मला माहीत नाही. पाऊण तास बसवून ठेवलं. शेवटी बाजूच्या टपरीवरचे एक म्हातारे गँगमन उठून आले. मला ओळखत नव्हते. त्यांनी मला विचारलं, 'तुमचे आजोबा कोणत्या गँगला?' मी म्हटलं, गँगला नाही, सांध्यावर. 'कुठं?' सांगितलं. मग त्या गणवेशवाल्याकडे वळून म्हणाले, 'सोडा साहेब, लाइनीचं पोरगं आहे.' नंतर त्यांनीच मला मागच्या बाजूची जुनी दिव्यांची खोली दाखवली, जी माझ्या नजरेतून सुटली होती. कंदील, रॉकेल, वाती ठेवायची खोली. दाराचं लाकूड अजून मूळचं आहे. त्यांचं कौतुक करावं तेवढं थोडं, पण खरं सांगायचं तर त्या दिवशी घरी जाताना गाडीत मी खिन्न होतो. माझ्या शहरातली भिंत मोजायला मला आजोबांची साक्ष लागली.

मुद्दा आता घाईचा झाला आहे, तो असा. अमृत भारत योजनेत या लाइनवरच्या स्टेशनांची कामं चालू आहेत. अंकाई ते संभाजीनगर दुहेरीकरण हाती घेतलंय, आणि संभाजीनगर ते परभणी या १७७ किलोमीटरच्या दुहेरीकरणाला केंद्रीय मंत्रिमंडळाने जुलै २०२५ मध्ये मंजुरी दिली. दुहेरीकरण हवंच. जो मराठवाड्यात राहतो आणि क्रॉसिंगसाठी चिकलठाण्याच्या अलीकडे अर्धा अर्धा तास उभ्या राहणाऱ्या गाडीत बसलाय, तो याला विरोध करणार नाही. रुंदीकरणासाठीही मराठवाड्याला दशकं भांडावं लागलं होतं. गोविंदभाई श्रॉफ आणि मराठवाडा जनता विकास परिषदेने ती मागणी लावून धरली होती. ती रास्त होती. पण रुंदीकरणात काय काय गेलं याची यादी कुणी केली नाही, कारण तेव्हा आनंदच एवढा होता. आता दुसरा रूळ टाकायला जागा लागणार, नवा फलाट, नवा पादचारी पूल, नवी इमारत. जुनी खोली आड येते. ती मुद्दाम कुणी पाडत नाही. आधी तिचं छप्पर दुरुस्त करणं थांबतं, मग तिच्या भिंतीवर पांढऱ्या रंगात 'ॲबँडन्ड' असं इंग्रजीत लिहिलं जातं, मग एक दिवस जेसीबी दुसऱ्या कामाला आलेला असतो आणि जाता जाता तेही उरकतो.

मोठ्या इमारतींचंही हेच होतं. सिकंदराबाद स्टेशनचा दर्शनी भाग, ज्याच्या कमानी बघून आमच्या घरचे लोक 'आ गया हैदराबाद' म्हणायचे, तो २०२५ मध्ये नव्या कामासाठी पाडला गेला. हळहळ झाली, लेख आले, इमारत गेली. काचीगुडा १९१६ चं आहे आणि ते खरोखर सातव्या निजामाच्या काळातलं आहे. ते घुमटांसकट उभं आहे. उलट मुंबईत भायखळा पाहा. १८९१ ची इमारत, रोज लाखो माणसांच्या धक्क्यातली. तिची दुरुस्ती करून २०२२ मध्ये ती पुन्हा मूळ रूपात आणली गेली, आणि युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारही मिळाला. गाड्या एक दिवस थांबल्या नाहीत. म्हणजे चालू स्टेशनवर हे होऊ शकतं. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससारखी भव्य इमारत असेल तरच जपायची, हा समज काढून टाकायला हवा. पोटूळ किंवा परसोड्याला कुणी फ्रेडरिक स्टीव्हन्स आला नव्हता. तिथे तीन-चार खोल्यांत मावणारं स्टेशन लागत होतं आणि तेवढंच बांधलं गेलं. माझ्या लेखी त्याची किंमत त्यामुळे कमी होत नाही.

आमच्या लोकांकडूनही एक आक्षेप येतो आणि तो मला जास्त बोचतो. जुम्याच्या नमाजनंतर मस्जिदीबाहेर एका बुजुर्गांनी मला ऐकवलं, 'बेटा, कब्रस्तानांच्या जमिनी चालल्या, वक्फचं काय होणार माहीत नाही, आणि तू ठेसनं मोजतोस?' माझ्याकडे याला पूर्ण उत्तर नाही. प्राधान्य काय असावं यावर ते बरोबर असतील. एवढंच म्हणेन की कब्रस्तानाचा कागद निदान कुठेतरी आहे, त्यासाठी भांडणारा कुणीतरी आहे. पोटूळच्या दिव्यांच्या खोलीचं कोण आहे? आणि आपण आपला वारसा म्हणून फक्त मशिदी, मकबरे आणि दर्गे मोजत बसलो, तर आपण आपल्याला या शहराच्या कामधंद्यातून स्वतःच वेगळं काढतो. माझे दादा सांधे बदलायचे. त्यांच्या हाताखाली मराठा, महार, तेलुगू, सगळे होते आणि त्यांच्या वरही. तो वारसा कुठल्या खात्यात लिहायचा?

या फलाटावर कोण कोण उतरलं याचा नुसता विचार करा. १९१३ मध्ये ई. एम. फॉर्स्टर औरंगाबादला आले, मुन्सफ असलेल्या मित्राकडे राहिले, खुलदाबाद-दौलताबाद हिंडले. पुढे त्यांच्या कादंबरीत त्या दिवसांचे ठसे उमटले. त्याच सुमारास मौलवी अब्दुल हक यांच्याबरोबर अंजुमन तरक्की-ए-उर्दूचं कार्यालय या शहरात आलं आणि दोन दशकांहून जास्त काळ उर्दूची पुस्तकं, शब्दकोशाची कामं इथून चालली. पुस्तकांचे गठ्ठे याच मालधक्क्यावरून गेले असणार. १९५० मध्ये बाबासाहेबांनी इथे महाविद्यालय काढलं, जे मिलिंद म्हणून ओळखलं जातं. खेड्यापाड्यांतली दलित पोरं पत्र्याची पेटी घेऊन मीटरगेजच्या डब्यातून या शहरात शिकायला आली. त्या पोरांपैकी अनेकांनी पुढे मराठी साहित्य हलवून सोडलं. एक उर्दूचा बाबा, एक इंग्रज कादंबरीकार आणि मिलिंदची पोरं: या तिघांना सामावणारी दुसरी इमारत शहरात मला सुचत नाही.

माझी मागणी मोठी नाही. नांदेड विभागाच्या कार्यालयात प्रत्येक इमारतीच्या बांधकामाचं वर्ष, क्षेत्रफळ, आजची अवस्था यांची नोंद असते. मनमाड ते परभणी दरम्यान १९४७ पूर्वीच्या किती इमारती उभ्या आहेत, ती यादी जाहीर व्हावी. मी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला आहे. पण एकट्याचा अर्ज आणि शंभर जणांचे अर्ज यात फरक असतो. दुहेरीकरणाचा आराखडा ठरताना शक्य तिथे दुसरा रूळ इमारतीच्या विरुद्ध बाजूने घ्यावा. अनेक ठिकाणी ते सहज जमेल, कारण पलीकडे नुसती बाभळ आहे. जिथे जमणार नाही तिथे पाडण्याआधी मापं, फोटो, नकाशे घेतले जावेत. आमच्या शहरातले वास्तुकला शिकणारे विद्यार्थी बीबी का मकबऱ्याची मापं दरवर्षी घेतात; मकबरा कुठे पळून जात नाही. एक वर्ष त्यांनी लासूरला जावं. आणि जी खोली वाचेल तिला कुलूप लावून 'हेरिटेज' अशी पाटी ठोकू नये. तिथे बायकांची प्रतीक्षा खोली करा, वाचनालय करा, चहाचा स्टॉल करा. वापरातली खोली गळायला लागली तर कुणीतरी ओरडतं.

नावाबद्दलही विचारलं जाईल, म्हणून सांगतो. जपलेल्या खोलीवर औरंगाबाद लिहा असा माझा हट्ट नाही. लिहायचंच असेल तर बांधकामाचं वर्ष लिहा, आणि ते बरोबर लिहा. कुणाच्या काळात हे लिहिणार असाल तर मीर महबूब अली खान लिहा, सहावे. आणि त्याच्या खाली, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, दुष्काळात राबलेल्या मजुरांचा उल्लेख करा.

वहीत आतापर्यंत सात स्टेशनं झाली आहेत. तीन ठिकाणी मूळ इमारत जवळजवळ पूर्ण आहे, दोन ठिकाणी अर्धी, एका ठिकाणी फक्त विहीर. सातव्या ठिकाणी मला काहीच सापडलं नाही. तिथे दोनदा गेलो. पुढच्या रविवारी सेलूकडे जायचा विचार आहे. या वेळी परवानगीचा अर्ज आधी दिलाय. तुमच्यापैकी कुणाच्या घरात जुन्या स्टेशनसमोर काढलेला फोटो असेल, लग्नाच्या वरातीचा, हजला निघालेल्या आजोबांचा, पंढरपूरला निघालेल्या आजीचा, तर मागच्या भिंतीकडे एकदा नीट बघा. कमान दिसते का, छप्पर कौलारू आहे का, पाटीवर कोणत्या लिप्या आहेत. माणसांचे चेहरे झाकून पाठवलात तरी चालेल. मला भिंत हवी आहे.